जलचक्राच्या चित्रात विहीर कुठे आहे?

शाळेच्या भिंतींवर जी चित्रे वर्षानुवर्षे टिकून राहतात, त्यांत जलचक्राच्या चित्राचा क्रमांक बराच वरचा लागेल. एका बाजूला निळा समुद्र, वर तळपणारा सूर्य, समुद्रातून वर जाणारे बाण, मग ढग, दुसऱ्या बाजूला डोंगर, डोंगरावर पाऊस आणि डोंगरातून निघून वळणे घेत पुन्हा समुद्राला मिळणारी नदी. जमिनीच्या पोटात एक निळा पट्टा आणि त्यावर 'भूजल' असा शब्द. पाचवी-सहावीतल्या मुलालाही हे चित्र पुस्तक न उघडता काढता येते. परीक्षेत त्याला हमखास गुण मिळतात.

या लेखात आम्ही या चित्राची समीक्षा करणार आहोत. एखाद्या पुस्तकाची करावी तशीच: हे चित्र काय सांगते, काय सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळे काय बिघडते. प्रश्न केवळ चित्रकलेचा असता तर एवढा खटाटोप करण्याची गरज नव्हती. पण गावातला शेतकरी, सरपंच, धरणावरचा अभियंता, योजना आखणारा अधिकारी आणि त्या योजनेला मंजुरी देणारा मंत्री, हे सगळे लहानपणी हेच चित्र काढून मोठे झालेले असतात. पाण्याविषयीचे त्यांचे आणि आपले बरेचसे गैरसमज या चित्राशी चांगलेच जुळतात.

चित्राचे श्रेय

आधी या चित्राला त्याचे श्रेय देऊ. नद्यांना बारमाही पुरेल एवढे पाणी निव्वळ पावसातून मिळत असेल, यावर युरोपातल्या विद्वानांचा शतकानुशतके विश्वास बसत नव्हता. समुद्राचे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून डोंगरांत चढते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते, असे अनेकांना वाटे. १६७४ साली पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सेन नदीच्या उगमाकडील खोऱ्यावर पडणारा पाऊस आणि तिथून नदीत वाहणारे पाणी यांचा हिशेब मांडला. पाऊस नदीच्या प्रवाहाच्या सुमारे सहापट भरला. म्हणजे पाऊस अपुरा नव्हताच, उलट उरलेला पाऊस जातो कुठे हाच खरा प्रश्न होता! पुढे एडमंड हॅली यांनी समुद्राच्या पृष्ठभागावरून किती पाणी वाफ होऊन जात असेल याचा अंदाज केला आणि चक्राची दुसरी बाजू जुळली.

विसाव्या शतकात अमेरिकन जलशास्त्रज्ञ रॉबर्ट हॉर्टन यांनी १९३१ मध्ये या चक्राची आकृती काढून जलशास्त्राच्या अभ्यासाचा आवाका दाखवून दिला. पाणी नष्ट होत नाही, नव्याने निर्माणही होत नाही, ते फक्त जागा आणि रूप बदलते, हा मोठा विचार एका चित्रात मावतो. यापुढे आम्ही जी टीका करणार आहोत ती हे श्रेय मान्य करूनच.

पहिली उणीव: पाणी उपसणारा कोणीच नाही

जलचक्राच्या नेहमीच्या चित्रात समुद्र असतो, डोंगर असतो, झाडे असतात, क्वचित एखादे हरीणही असते. विहीर नसते. पंप नसतो. धरण, कालवा, उसाचे शेत, साखर कारखाना, शहराची जलवाहिनी, यांपैकी काहीच नसते. ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. २०१९ मध्ये 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. पाठ्यपुस्तके, संशोधनपर लेखन आणि इतर ठिकाणची जलचक्राची ४६४ चित्रे संशोधकांनी तपासली. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के चित्रांत माणसाचा पाण्याशी काही संबंध आहे असे कुठेच दिसत नव्हते. हवामानबदलाचा किंवा प्रदूषणाचा निर्देश तर जेमतेम दोन टक्के चित्रांत होता.

आता हे चित्र भारतात लावून पाहू. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे २४५ अब्ज घनमीटर भूजल उपसले जाते आणि त्यातले बहुतांश शेतीला जाते. जगात दुसरा कोणताही देश इतके भूजल वापरत नाही. ज्या देशात जमिनीतून वर येणारा हा बाण एवढा जाड आहे, त्या देशातल्या मुलांना तो बाणच न दाखवता जलचक्र शिकवणे म्हणजे हृदय वगळून रक्ताभिसरण शिकवण्यासारखे आहे.

याच चित्रातली नदी नेहमी समुद्राला मिळते. प्रत्यक्षात कृष्णेच्या खोऱ्यात २००१ ते २००४ या अवर्षणाच्या काळात समुद्रापर्यंत पोहोचणारे पाणी नगण्य उरले होते. खोऱ्यातले जवळजवळ सगळे पाणी वाटेतच धरणे, कालवे, उपसा आणि पिके यांत संपले. अशा खोऱ्यात कोणी 'नवे पाणी' मिळवले म्हणाला, की ते कोणाच्या वाट्याचे होते हे विचारावेच लागते.

दुसरी उणीव: ओढा आणि विहीर यांची ताटातूट

चित्रात नदी वर आणि भूजल खाली. दोघांच्या मध्ये जमिनीची एक जाड रेघ. ही रेघ चित्रकाराच्या सोयीची असते, पण पाहणाऱ्याच्या मनात ती कायमची बसते. नदीचे पाणी एक, विहिरीचे पाणी दुसरे.

मग पावसाळा संपल्यावर ओढ्यात पाणी कुठून येते? कार्तिकात आभाळ कोरडे ठणठणीत असते, तरी ओढा वाहत असतो. हे पाणी दोन्ही काठांच्या जमिनीत मुरलेले, हळूहळू झिरपत ओढ्यात उतरणारे भूजलच असते. विहीर ही या झिरपणाऱ्या पाण्याच्या वाटेत केलेली खोदाई आहे. विहिरीतून उपसलेले पाणी ओढ्यापर्यंत पोहोचत नाही. उपसा फार वाढला तर उलटे घडते, ओढ्यातले पाणीच विहिरीकडे खेचले जाते. पूर्वी होळीपर्यंत वाहणारा ओढा आता संक्रांतीच्या आतच का आटतो, याचे उत्तर पुष्कळदा पावसात नव्हे, काठच्या विहिरींत असते.

चार्ल्स थाइस या अमेरिकन भूजलशास्त्रज्ञाने १९४० साली ही गोष्ट नेमकी मांडली. विहिरीतून काढलेल्या प्रत्येक लिटरची भरपाई कुठून तरी व्हावीच लागते. एक तर जमिनीतला साठा घटतो, नाही तर जमिनीत जास्त पाणी शिरते, नाही तर नद्या, झरे आणि झाडे यांना मिळणारे पाणी कमी होते. चौथा मार्ग नाही.

असे असूनही आपले कायदे आणि कचेऱ्या चित्रातल्या त्या रेघेवरच उभ्या आहेत. नदीचे पाणी सरकारचे. विहिरीचे पाणी मात्र जमीनमालकाचे, ही समजूत १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून चालत आलेली. महाराष्ट्रात धरणे आणि कालवे जलसंपदा विभागाकडे, भूजलाचा अभ्यास पाणीपुरवठा विभागाखालच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे, तर बंधारे आणि पाणलोटाची कामे मृद व जलसंधारण विभागाकडे. केंद्रातही नद्यांसाठी एक आयोग आणि भूजलासाठी वेगळे मंडळ आहे. ही ताटातूट संपवून दोघांची मिळून एकच संस्था करावी, अशी शिफारस मिहिर शहा समितीने २०१६ मध्ये केली होती.

ताटातुटीचा परिणाम हिशेबात कसा उतरतो ते पाहण्यासारखे आहे. भूजलाच्या सरकारी मूल्यमापनात वर्षभरात जमिनीत मुरणारे पाणी मोजतात, त्यातला पाच ते दहा टक्के भाग निसर्गासाठी बाजूला ठेवतात, आणि उरलेल्याला 'उपलब्ध' म्हणतात. उपसा या उपलब्ध पाण्याच्या ७० टक्क्यांपर्यंत असेल तर तो भाग 'सुरक्षित' ठरतो. शंभर टक्के ओलांडले की 'अतिशोषित'. आता थाइसचे म्हणणे आठवा. मुरलेल्या पाण्यापैकी साठ-पासष्ट टक्के पाणी विहिरींनी काढून घेतले, तर ओढ्याला मिळणारे पाणी तेवढ्याच प्रमाणात घटणार. भाग सुरक्षित, पण ओढा कोरडा! कोणासाठी सुरक्षित, हा प्रश्न या वर्गवारीत विचारलेलाच नाही. आणि ओढ्याखालच्या धरणात किती पाणी येईल याचा अंदाज बांधणारा अभियंता त्याच पाण्यावर दुसऱ्यांदा नाव लिहून बसलेला असतो.

याची दुसरी बाजू जायकवाडीच्या बाबतीत दिसते. वरच्या आणि खालच्या धरणांनी टंचाई वाटून घ्यावी असे २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याचे तत्त्व आहे. ते अमलात आणण्यासाठी २०१४ साली प्राधिकरणाने आदेश दिला. त्यानुसार ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडीतला उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक-नगर भागातल्या धरणांतून पाणी सोडायचे असते. तत्त्व योग्यच आहे. पण सोडलेल्या पाण्यापैकी काही भाग नदीच्या कोरड्या पात्रात मुरतो, काही काठावरचे पंप उचलतात, आणि कागदावर या सगळ्याला 'वहनव्यय' म्हणतात. व्यय म्हणजे नाहीसे होणे. ते पाणी नाहीसे झालेले नसते, ते पात्रालगतच्या विहिरींत गेलेले असते. वरच्या खोऱ्यात भूजलाचा उपसा जितका जास्त, तितके पात्र तहानलेले आणि तितका हा 'व्यय' मोठा. धरणांचे पाणी वाटताना विहिरी हिशेबाबाहेर ठेवल्या, तर वाटणी अर्धीच होते.

तिसरी उणीव: खडक सगळीकडे सारखाच

चित्रातला भूजलाचा निळा पट्टा एकसारखा, भरगच्च आणि अमर्याद दिसतो. जमिनीखाली जणू एक तळे आहे. पंजाबात काही शे मीटर जाडीच्या गाळात पाणी साठते, त्यामुळे तिथे हा पट्टा काहीसा तरी शोभेल. तिथले साठे मोठे म्हणून उपसाही दशकानुदशके चालतो आणि पातळी खोल खोल जाते. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग मात्र काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला किंवा सच्छिद्र खडक आणि मग कठीण पाषाण. शंभर घनमीटर वाळूमिश्रित गाळातून पंधरा-सोळा घनमीटर पाणी निथळून मिळू शकते. तेवढ्याच मुरमाड बेसाल्टमधून मिळते दोन-तीन घनमीटर.

याचा अर्थ आपल्या जमिनीची तिजोरी लहान आहे. चांगल्या पावसाळ्यात ती ऑगस्टअखेर भरते, आणि त्यानंतरचा पाऊस कितीही पडला तरी तो वाहून जातो. म्हणून सलग दोन चांगल्या वर्षांचे पाणी तिसऱ्या दुष्काळी वर्षासाठी शिल्लक राहत नाही. पंजाबचे भूजल ही मुदत ठेव असेल, तर आपले भूजल हा महिन्याचा पगार आहे. बोअर आणखी खोल नेल्याने पगार वाढत नाही. फार तर शेजाऱ्याच्या खात्यातून काढता येतो.

खडकाकडे न पाहिल्याची किंमत आपण मोजलेली आहे. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात नाले रुंद व खोल करून बंधारे घालण्याच्या कामांची मोठी चर्चा झाली. त्या तालुक्यात तापीच्या जाड गाळाचा प्रदेश आहे. तिथे पाणी मुरायला जागा असते. तेच खोलीकरण सरसकट बेसाल्टच्या प्रदेशात केले की काय होते? मुरूम कापून यंत्र पाषाणापर्यंत जाते. पाषाणात पाणी मुरत नाही. उलट दोन्ही बाजूंच्या मुरमात साठलेले पाणी त्या चरात निथळून येते आणि उन्हात उघडे पडते. चर पाण्याने भरलेला दिसतो, छायाचित्र चांगले येते, पण ते पाणी नवे नसते. शेजारच्या विहिरीतले पाणी फक्त डोळ्यांना दिसू लागलेले असते.

डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात बंधारे आणि नाला खोलीकरणाची कामे फार मोठ्या प्रमाणावर झाली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०२० साली आला. साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च होऊनही भूजलाची पातळी वाढवण्यात अभियानाला फारसे यश आले नाही, असे त्याचे सार होते. आमच्या मते याची दोन कारणे महत्त्वाची आहेत. काम करताना खडक पाहिला गेला नाही, आणि जिथे पाणी खरोखर मुरले तिथे ते उपसण्यावर कोणतेच बंधन नव्हते. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या घोषणेत दोन क्रियापदे आहेत. 'मोजा' आणि 'वाटा' ही पुढची दोन त्यात नाहीत. चित्रात जे नाही ते घोषणेत कुठून येणार!

शेततळ्यांचेही तसेच. पावसाचे वाहते पाणी अडवून ठेवण्यासाठी शेततळे, ही कल्पना चांगली आहे. पण अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालून ते विहिरीच्या नाही तर बोअरच्या पाण्याने भरले जाते. मराठवाड्यासारख्या कोरड्या हवेत ऑक्टोबर ते मे या काळात उघड्या पाण्यातून साधारण मीटरभर पाणी वाफ होऊन जाते. तळे तीन मीटर खोल असेल तर तिसरा हिस्सा उन्हाने नेला. जमिनीच्या सावलीत सुरक्षित आणि सर्वांचे असलेले पाणी उन्हात आणून एकाचे करण्याचा हा उद्योग आहे.

चौथी उणीव: काळ आणि सरासरी

जलचक्राच्या चित्रात घड्याळ नाही आणि दिनदर्शिकाही नाही. पाऊस एकसारखा पडत असतो, नदी एकसारखी वाहत असते. समशीतोष्ण प्रदेशात, जिथे बारा महिने थोडाथोडा पाऊस पडतो, तिथे हे एक वेळ चालेल. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि त्यातलाही मोठा भाग मोजक्या दिवसांत.

हवामानबदलामुळे ही उणीव आता घातक ठरू लागली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेले एक संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असे त्यात दिसले. यामागचे भौतिकशास्त्र साधे आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. ढगांना मिळणारे बाष्प वाढते, आणि पडतो तेव्हा पाऊस कोसळतो. मधली उघडीप मात्र पिकाला भोवते.

समजा एखाद्या तालुक्यात ७०० मिलिमीटर पाऊस पूर्वी पंचेचाळीस दिवसांत पडत होता आणि आता पंचवीस दिवसांत पडू लागला. सरासरी तीच, तक्त्यातला आकडा तोच. पण मातीची पाणी शोषण्याची गती ठरलेली असते. त्याहून वेगाने पडलेले पाणी वाहून जाते, जाताना माती नेते आणि धरणात गाळ टाकते. दुसरीकडे उघडीप लांबली म्हणजे पूर्वी पावसाळ्यात बंद असणारे पंप ऑगस्टमध्येच सुरू होतात. म्हणजे तिजोरी भरण्याच्या दिवसांतच उपसा. हवा तापलेली असल्याने पिकांची आणि जमिनीची तहानही वाढते.

इथे सावधगिरी हवी. अतिवृष्टी भूजलाला सर्वत्र वाईटच, असे म्हणता येत नाही. टांझानियातल्या माकुटापोरा इथल्या विहिरींच्या पंचावन्न वर्षांच्या नोंदींत उलटे दिसले. तिथले बहुतेक पुनर्भरण मोजक्या अतिवृष्टीच्या हंगामांतच झाले होते. पण अशा पावसाचा फायदा होण्यासाठी जमिनीच्या पोटात जागा लागते. ती किती आहे हे पुन्हा खडक ठरवतो. म्हणूनच एका गावाचा धडा दुसऱ्या गावाला जसाच्या तसा लावता येत नाही.

बाणांवर आकडे लिहिले तर

चित्राची सर्वांत मोठी अडचण अशी, की त्यातल्या बाणांवर आकडे नसतात. ते लिहिले तर काय दिसते ते एका कल्पित गावावर करून पाहू. सातवी-आठवीच्या वर्गात हे गणित सहज करता येईल.

गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर. एकूण पडलेले पाणी ५० लाख घनमीटर. त्यातले दहा टक्के जमिनीत मुरले असे धरू, बेसाल्टसाठी हा अंदाज वावगा नाही. म्हणजे ५ लाख घनमीटर. खडक दोन टक्के पाणी धरत असेल तर विहिरींची पातळी यामुळे अडीच मीटरने वाढेल.

आता खर्च. गावाची लोकसंख्या १,५०० आणि माणशी दिवसाला ५५ लिटर धरले, तर वर्षाला सुमारे ३० हजार घनमीटर. मुरलेल्या पाण्याच्या अवघे सहा टक्के. दुष्काळातही पिण्याचे पाणी पुरायला हवे! उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागते. पडलेला सगळा ५०० मिलिमीटर पाऊस त्याच्या कामी आला असे उदारपणे धरले, तरी वरून १,५०० मिलिमीटर द्यावे लागते. म्हणजे हेक्टरी १५ हजार घनमीटर. गावाचे सगळे मुरलेले पाणी ३३ हेक्टर उसात संपते. हजार हेक्टरांतले तेहेतीस! तेच पाणी रब्बी ज्वारीला शंभर मिलिमीटरप्रमाणे दिले, तर ५०० हेक्टरांना पुरते.

एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते, पुढे पन्नास वाघिणींची सुमारे २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. वरच्या हिशेबाने एक हेक्टर उसाला वर्षभरात लागणारे वरचे पाणी दीड कोटी लिटर भरते, म्हणजे पन्नास वाघिणींच्या सहा गाड्या. त्या वर्षीचा दुष्काळ खरा होता, पाऊस खरोखरच कमी झाला होता. पण टंचाई किती आभाळाने पाठवली आणि किती आपण पेरली, हे आकड्यांशिवाय कळत नाही.

हा हिशेब प्रत्यक्षात करणारी गावे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारची ख्याती सर्वांना माहीत आहे. तिथल्या समतल चरांबद्दल आणि झाडांबद्दल पुष्कळ बोलले जाते. त्यापेक्षा महत्त्वाचे असे, की तिथे पावसाळ्यानंतर गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिण्याचे पाणी आधी राखतात आणि उरलेल्यावर पिके ठरवतात. शेतीसाठी बोअर घेण्यावर गावाने स्वतःच बंदी घातली. पाणी अडवणे हे यंत्राचे काम आहे, पण उपसा रोखण्याला गावाची संमती लागते. राज्याचा २००९ चा भूजल कायदाही नियमनाची दिशा दाखवतो. परंतु विहिरीचे पाणी माझेच, असे शिकलेल्या समाजात तो कागदावरून शिवारात उतरणे कठीण जाते.

नवे चित्र कोणी काढायचे?

अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे जलचक्राचे जुने चित्र जगभरच्या शाळांत वापरले जात असे. त्या संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये नवे चित्र प्रसिद्ध केले. त्यात शेती आहे, शहरे आहेत, उद्योग आहेत, धरणे आहेत आणि भूजलाचा उपसाही आहे. ही मोठी सुधारणा आहे. पण त्यातही बाणांवर आकडे नाहीत, आणि 'माणूस' सगळा एकच आहे. घागर घेऊन रांगेत उभी असलेली बाई आणि दहा अश्वशक्तीचा पंप लावलेला बागाईतदार, दोघांसाठी एकच बाण. शिवाय ते चित्र तिथल्या भूमीचे आहे. आपल्या मुरमाचे, पाषाणाचे आणि चार महिन्यांच्या पावसाचे चित्र आपल्यालाच काढावे लागेल.

आणि ते शाळेत काढता येईल. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. दोन पसरट ट्रेंमध्ये सारखी माती भरून सारखाच उतार द्यावा. एकीत झारीने अर्धा तास हळूहळू आणि दुसरीत तांब्याने मिनिटभरात, तितकेच पाणी ओतावे. वाहून खाली आलेले पाणी मोजावे. अतिवृष्टी आणि पुनर्भरण यांचे नाते मुलांना स्वतःच्या हाताने कळेल. शाळेजवळच्या तीन-चार विहिरींची पाण्याची खोली गाठी मारलेल्या दोरीने दर पंधरवड्याला नोंदवावी, अर्थात मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली आणि कठडा असलेल्या विहिरींवरच. भूजल यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींवर हेच करते. त्याच वहीत गावच्या ओढ्याची धार कोणत्या तारखेला तुटली हेही लिहावे. पाच वर्षांच्या नोंदी जमल्या, की विहीर आणि ओढा यांना जोडणारी रेघ मुलांना आपोआप दिसू लागेल.

मग मुलांना जलचक्राचे चित्र पुन्हा काढायला सांगावे. या वेळी आपल्या गावाचे. डोंगर नसेल तर काढू नये. नदी समुद्राला मिळत नसेल तर ती जिथे आटते तिथेच थांबवावी. मुरूम किती फूट, पाषाण किती खोल, हे गावातल्या विहीर खोदणाऱ्यांना विचारून लिहावे. विहिरी, बोअर, शेततळी, टँकर सगळे दाखवावे आणि प्रत्येक बाणावर आकडा लिहावा.

या चित्राला कदाचित परीक्षेत गुण मिळणार नाहीत, आणि ते काढताना वर्गात वादही होतील. कोणाच्या वडिलांचा ऊस त्यात येईल, कोणाची कोरडी विहीर येईल. शिक्षकांनी अशा वादाला घाबरू नये. दहा वर्षांनी ग्रामसभेत याच मुलांना हाच वाद घालायचा आहे. तो आकडे हाती घेऊन घालायची सवय त्यांना आजपासूनच लागायला हवी.